परदेशी राहायला जाताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

नव्या देशात बँक खाते उघडायचे तर पत्त्याचा पुरावा मागतात. घर भाड्याने घ्यायचे तर बँक खाते आणि पगाराचे कागद मागतात. पगार रीतसर सुरू व्हायचा तर कर-क्रमांक लागतो, आणि कर-क्रमांकाचे पत्र येते ते पुन्हा पत्त्यावरच. परदेशी नोकरी स्वीकारणाऱ्या बहुतेकांची तयारी व्हिसा हाती येईपर्यंत नेटाने चालते आणि तिथेच थांबते. खरी दमछाक होते ती उतरल्यानंतर, या चक्रात. ते नेमके कोठून फोडायचे हे प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवलेले असते, आणि निघण्यापूर्वीच ते शोधून ठेवले तर पुढची निम्मी धावपळ वाचते. म्हणून सोबत काय न्यावे याची जंत्री देण्यापेक्षा कोणते काम कशाच्या आधी व्हायला हवे, यावर येथे भर दिला आहे.

पहिली नोंदणी

बहुतेक देशांत या चक्राचे पहिले दार म्हणजे पत्त्याची किंवा रहिवासाची सरकारी नोंदणी. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र जोडावे लागते. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक मुक्काम असणाऱ्याने पोहोचल्यापासून ५ दिवसांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवायचे असते आणि त्यातूनच नोकरी, कर व आरोग्यविमा या तिन्हींसाठी लागणारा क्रमांक मिळतो. जपानच्या मोठ्या विमानतळांवर उतरताच रहिवासी कार्ड हाती पडते, परंतु त्यावर पत्ता नसतो. घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत स्थानिक पालिकेत जाऊन तो कार्डाच्या मागील बाजूवर नोंदवून घ्यावा लागतो. स्वीडनमध्ये सर्व व्यवहारांच्या मुळाशी असणारा व्यक्तिगत क्रमांक सामान्यतः एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहणाऱ्यालाच मिळतो, त्यामुळे सहा महिन्यांच्या करारावर जाणाऱ्याला साध्या साध्या गोष्टींसाठी वेगळी वाट शोधावी लागते.

यातून निघणारी पहिली व्यावहारिक सूचना अशी की, सुरुवातीच्या महिना-दोन महिन्यांसाठी तात्पुरती जागा घेताना भाडे आणि अंतर यांच्याआधी एक प्रश्न विचारावा: या पत्त्यावर अधिकृत नोंदणी करता येईल का? अल्पकालीन भाड्याने जागा देणारे अनेक जण याला नकार देतात, आणि स्वस्त पडलेली जागा मग पुढच्या प्रत्येक कामाला खीळ घालते. जर्मनीच्या बाबतीत आणखी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. तेथील पत्त्यात सहसा घर-क्रमांक येतो, इमारतीतील खोलीचा क्रमांक येत नाही. टपालवाला पत्रपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. पेटीवर आपले नाव चिकटवलेले नसेल तर कर-क्रमांक, बँकेचे कार्ड आणि विम्याची कागदपत्रे ही सारी ‘असा इसम येथे राहत नाही’ अशा शेऱ्यासह परत जातात, आणि आपण मात्र कार्यालय दिरंगाई करते आहे असे समजून वाट पाहत बसतो. किल्ली मिळाल्या दिवशी नावाची पट्टी लावणे हे तेथे खरोखरच पहिल्या दिवसाचे काम आहे.

निघण्यापूर्वीचे कागद

जन्मदाखला, विवाहाचा दाखला, पदवी, गुणपत्रके, अनुभवपत्रे आणि पोलिसांचे वर्तनप्रमाणपत्र यांना परदेशात मान्यता मिळवण्यासाठी बहुधा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी साक्षांकनाची मोहोर, लागते. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली आणि आज शंभराहून अधिक देश तिच्यात सामील आहेत. चीनमध्ये ती नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झाली. जो देश या करारात नाही, तेथे मात्र आपले परराष्ट्र खाते आणि त्या देशाचा दूतावास अशी लांबलचक साखळी पार करावी लागते. अपोस्टिल कागदावरील सही आणि शिक्का खरा असल्याची ग्वाही देते, मजकुराची नव्हे. त्यामुळे पदवीला अपोस्टिल मिळाले म्हणजे ती पदवी तेथे समकक्ष मानली गेली, असा अर्थ होत नाही. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, वकील अशा नियमनाखालील व्यवसायांत समकक्षतेची आणि परवान्याची प्रक्रिया स्वतंत्र असते आणि ती पुष्कळदा व्हिसापेक्षाही जास्त वेळ घेते. तिची सुरुवात सर्वांत आधी करावी.

येथेही क्रमाला महत्त्व आहे. पोलिसांच्या प्रमाणपत्राची मुदत अनेक ठिकाणी तीन ते सहा महिनेच मानली जाते, म्हणून ते शेवटी काढावे. काही देश जन्माचा आणि विवाहाचा दाखलाही नुकताच काढलेला मागतात. जुना मूळ दाखला कितीही जपून ठेवलेला असला तरी तो चालत नाही. भाषांतर अपोस्टिलनंतर करून घेणे सामान्यतः श्रेयस्कर, कारण अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात यावा अशी अपेक्षा असते. जर्मनी आणि स्पेन यांसारख्या देशांत शपथबद्ध भाषांतरकारांची अधिकृत यादी असते; त्या यादीबाहेरच्या माणसाने केलेले भाषांतर उत्तम असूनही नाकारले जाऊ शकते.

सर्वांत चिवट अडचण नावाची. पासपोर्टवर छायाचित्राच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ चिन्हांच्या. पहिल्या ओळीत देशाच्या संकेतानंतर आधी आडनाव, मग दोन कोनी खुणा आणि त्यानंतर स्वतःचे नाव असते. विमान कंपनी, व्हिसा कार्यालय, नवी बँक, नोकरी देणारा नवा मालक हे सारे आपले नाव या ओळीवरून घेतात. पदवीवर तीन पदांचे नाव, पासपोर्टवर दोनच पदे, विवाहाच्या दाखल्यावर जुने आडनाव आणि बँकेत केवळ आद्याक्षरे, असा प्रकार असेल तर मायदेशी कोणी हरकत घेत नाही. परदेशातील कारकुनाच्या दृष्टीने मात्र ती चार वेगळी माणसे असतात. ज्यांच्या पासपोर्टवर नावाचा एक रकाना रिकामा असतो, त्यांचे हाल अधिक. अमेरिकेच्या व्हिसावर रिकाम्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) ही अक्षरे पडतात आणि पुढे पगारपत्रकापासून औषधाच्या बाटलीपर्यंत तेच त्या माणसाचे नाव होऊन बसते. पासपोर्टमधील दुरुस्ती व्हिसाच्या अर्जाआधी करून घ्यावी. ती शक्य नसेल तर ही निरनिराळी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून त्यालाही अपोस्टिल घ्यावे.

मायदेशातील विश्वासू व्यक्तीच्या नावे मर्यादित कामांपुरते मुखत्यारपत्र करून ठेवणे हेही निघण्यापूर्वीचेच काम. तेच परदेशातून करायचे झाले तर दूतावासाची वेळ घेण्यापासून सुरुवात करावी लागते.

पैसा, फोन आणि नसलेली पत

पगाराचा आकडा ऐकून निर्णय घेऊ नये. कर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी आणि विमा वजा जाता हाती किती येते आणि त्यातून घरभाडे वजा केल्यावर किती उरते, हे दोनच आकडे विचारात घेण्याजोगे आहेत. मिळणारा पगार मायदेशाच्या चलनात बदलून आनंद मानणे किंवा खर्च तसाच बदलून धसका घेणे, दोन्ही निरुपयोगी.

पहिला पगार येण्यापूर्वी अनामत, पहिले भाडे, विमा, प्रवास आणि गृहोपयोगी वस्तू असे सारे खर्च एकदम अंगावर येतात. साधारण तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम नव्या देशात सहज वापरता येईल अशा स्वरूपात ठेवावी, आणि त्यासाठी दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे जवळ असावीत, कारण अनोळखी देशातला व्यवहार संशयास्पद वाटून कार्ड गोठवले जाणे हे नित्याचे आहे. पैसे पाठवताना जाहिरातीतील ‘शून्य शुल्क’ पाहू नये. बाजारातील मध्यम विनिमय दर आणि आपल्याला दिलेला दर यांतील फरक हाच खरा खर्च असतो. युरोपीय संघात कायदेशीर रहिवाशाला मूलभूत बँक खात्याचा हक्क २०१४ च्या निर्देशाने दिलेला आहे; बँकेने परतवून लावल्यास त्या खात्याचे नाव घेऊन मागणी करावी.

मोबाइल क्रमांकाचा विषय क्षुल्लक वाटतो, पण पहिल्या महिन्यात सर्वाधिक अडवणूक त्याचीच होते. मायदेशातील बँक, विमा, गुंतवणूक आणि सरकारी सेवा या सर्वांचे ओटीपी जुन्या क्रमांकावर येतात. तो क्रमांक बंद करू नये. परदेशात संदेश येतील अशी किमान खर्चाची योजना त्यावर घेऊन नव्या देशाचे ई-सिम त्याच फोनमध्ये घालावे. जिथे सोय आहे तिथे ओटीपीऐवजी प्रमाणीकरणाचे अॅप आधीच सुरू करून ठेवावे. हे बदल करायलाही ओटीपी लागतो, हे विसरू नये.

मायदेशात वर्षानुवर्षे कर्जाचे हप्ते वेळेवर फेडून कमावलेली पत सहसा सीमा ओलांडत नाही. नव्या देशात कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या दप्तरी आपण कोरे असतो, आणि कोऱ्या नोंदीकडे घरमालक व बँका साशंकतेने पाहतात. त्यावर उपाय म्हणजे पर्यायी पुरावे: आधीच्या घरमालकाचे पत्र, मागील काही महिन्यांच्या बँकेच्या नोंदी, नोकरीचे नियुक्तिपत्र, आणि वाहनविम्याचा दावा न केल्याचे विमा कंपनीचे प्रमाणपत्र. हे शेवटचे पत्र अनेक देशांत विम्याचा हप्ता कमी करून देते, पण ते जवळ असावे हे फारच थोड्यांना सुचते.

घर

न पाहिलेल्या घराचा वर्षभराचा करार करू नये, हे माझे ठाम मत आहे. छायाचित्रांत ओल दिसत नाही, रस्त्याचा आवाज ऐकू येत नाही आणि कचेरीपर्यंतचा प्रवास गर्दीच्या वेळी किती लांबतो हेही कळत नाही. मालक सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा म्हणजे किल्ली टपालाने येईल, असे कोणी लिहिले तर ती फसवणूक समजावी. ही युक्ती जगभर जवळजवळ याच शब्दांत चालते आणि तिचे लक्ष्य नव्याने येणारी, घाईत असलेली माणसेच असतात.

अनामतीचे नियम देशागणिक अगदी वेगळे आहेत. जर्मनीत ती इतर खर्च वगळून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही आणि भाडेकरू ती तीन हप्त्यांत देऊ शकतो. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने, वार्षिक भाडे ५० हजार पौंडांपेक्षा कमी असल्यास, पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे आणि सामान्य भाडेकरारात मालकाने ही रक्कम ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. जपानमध्ये अनामतीखेरीज मालकाला द्यायची, परत न मिळणारी एक रक्कम काही घरांसाठी आजही मागितली जाते आणि हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क वेगळे असते. ‘विनासज्ज’ (अनफर्निश्ड) घर म्हणजे काय, तेही विचारून घ्यावे. जर्मनीत अशा घरात ओटा, सिंक आणि शेगडी यांपैकी काहीही नसणे सर्वसामान्य आहे, आणि दिव्यांच्या जागी छतातून नुसत्या तारा लोंबत असतात.

ताबा घेताना भिंतींवरील डाग, जमिनीवरील ओरखडे, गळणारे नळ, न लागणाऱ्या खिडक्या, किल्ल्यांची संख्या आणि वीज, पाणी व गॅसच्या मापकांवरचे आकडे यांची लेखी नोंद करून दोघांनी सह्या कराव्यात आणि तारखेसह छायाचित्रे त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवावीत. घर सोडताना अनामत परत मिळणे किंवा न मिळणे बहुतांशी या एका पानावर ठरते.

आरोग्य आणि औषधे

विमा कधी सुरू होतो ही तारीख लेखी विचारावी, कारण मायदेशातील संरक्षण संपणे आणि नवे सुरू होणे यांच्यामध्ये बऱ्याचदा काही आठवड्यांची पोकळी राहते. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांच्या आत मूलभूत विमा घेणे बंधनकारक आहे, आणि उशिरा घेतला तरी हप्ता मागील तारखेपासून भरावा लागतो. ब्रिटनमध्ये बहुतेक दीर्घकालीन व्हिसांच्या अर्जासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड झाला आणि व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा एकरकमी घेतला जातो. चौघांच्या कुटुंबाने काही वर्षांचा हिशेब आधीच मांडून हा खर्च नोकरी देणारा मालक उचलणार का, हे करारापूर्वी विचारावे. अमेरिकेत मालकाने विमा दिला तरी वर्षाकाठी ठरावीक रक्कम आधी स्वतः भरावी लागते आणि विमा कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या डॉक्टरकडे गेल्यास बिल अनेक पटींनी वाढू शकते.

औषधांच्या बाबतीत गाफील राहणे धोक्याचे आहे. एका देशात सर्दीसाठी सर्रास मिळणारी गोळी दुसऱ्या देशात बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. जपानमध्ये ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधे नेता येत नाहीत, अॅम्फेटामिनयुक्त औषधे डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी चालत नाहीत, आणि एक महिन्याहून अधिक पुरेल इतकी चिठ्ठीची औषधे न्यायची तर आधी आयातीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडोल यांसारख्या नियंत्रित औषधांसाठी पूर्वपरवानगी लागते. औषधे मूळ वेष्टनात ठेवावीत, डॉक्टरांच्या पत्रात व्यापारी नावाऐवजी मूळ रासायनिक नाव आणि मात्रा लिहून घ्यावी, आणि लसीकरणाच्या नोंदी सोबत ठेवाव्यात. शाळेच्या प्रवेशाला मुलांच्या लसींची नोंद हमखास मागितली जाते.

नोकरी गेली तर

हा प्रश्न निघण्यापूर्वी विचारणे अशुभ नाही, आवश्यक आहे. व्हिसा मालकाशी बांधलेला असेल तर नोकरी गेल्यावर किती दिवस राहता येते, हे ठाऊक असले पाहिजे. अमेरिकेत कुशल कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसावर ही सवलत जास्तीत जास्त ६० दिवसांची आहे. त्या मुदतीत घराचा करार मोडता येईल का, मुलांच्या शाळेचे काय, परतीचा खर्च कोण देणार, आणि मालकाने दिलेला स्थलांतराचा खर्च लवकर नोकरी सोडल्यास परत द्यावा लागेल का, याची उत्तरे करारात शोधावीत. तोंडी आश्वासने देणारा अधिकारी वर्षभरात बदलून जातो.

सोबत येणाऱ्या जोडीदाराला काम करण्याची परवानगी आहे किंवा नाही, हे संपूर्ण निर्णयाच्या केंद्रस्थानी असावे. ज्याला नोकरी असते त्याचा दिवस आपोआप भरतो, सहकारी मिळतात, भाषा कानावर पडते. घरी राहणाऱ्याच्या वाट्याला मात्र कार्यालयांच्या खेपा, अनोळखी भाषेतील पत्रे आणि लांबच लांब दुपारी येतात. अनेक कुटुंबे अखेरीस परत येतात ती नोकरीमुळे नव्हे, या एकाकीपणामुळे. भाषेच्या वर्गात जोडीदाराचे नाव पहिल्याच महिन्यात घालावे, आणि त्याचा खर्च हा घरभाड्याइतकाच अनिवार्य मानावा.

भाषा येईपर्यंत सरकारी पत्रे बाजूला ठेवून देण्याची सवय लागू देऊ नये. मुदत पत्र पोहोचल्यापासून मोजली जाते, समजल्यापासून नव्हे. जर्मनीत सरकारी निर्णयाविरुद्ध हरकत घेण्याची मुदत सामान्यतः एक महिना असते. फोनवरून भाषांतर करून निदान शेवटची तारीख आणि रक्कम तरी त्याच दिवशी पाहावी.

कर, निवृत्तिवेतन आणि वारसा

१८३ दिवसांपेक्षा कमी राहिले तर कर लागत नाही, ही समजूत सर्वदूर पसरलेली आणि अर्धवट आहे. दिवसांची मोजणी हा अनेक कसोट्यांपैकी एक निकष असतो. दोन्ही देशांनी आपल्याला रहिवासी मानले तर त्यांच्यातील करारानुसार, आणि बहुतेक करार ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात, आधी कायमचे घर कोठे आहे, मग वैयक्तिक व आर्थिक संबंधांचे केंद्र कोठे आहे, मग नित्याचा वास कोठे आहे आणि त्यानंतर नागरिकत्व, अशा क्रमाने निर्णय होतो. अमेरिकी नागरिकाला मात्र तो कोठेही राहिला तरी आपल्या देशात विवरणपत्र भरावे लागते. मायदेशातील खाती नजरेआड राहतील असेही मानू नये. २०१४ मध्ये मंजूर झालेल्या समान अहवाल मानकानुसार शंभराहून अधिक प्रदेशांची करखाती बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपसूक पाठवतात. स्थलांतराच्या वर्षाचे विवरण दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून करून घ्यावे, निदान त्या एका वर्षापुरते.

कंपनीने ठरावीक काळासाठी पाठवले असेल तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागू नये म्हणून देशादेशांत सामाजिक सुरक्षा करार असतात. युरोपीय संघांतर्गत ए१ प्रमाणपत्रावर, म्हणजे वर्गणी मूळ देशातच भरली जात असल्याच्या दाखल्यावर, २४ महिन्यांपर्यंत मूळ देशातच वर्गणी भरता येते. हे प्रमाणपत्र निघण्यापूर्वी मिळवायचे असते. वारशाचा विचार सहसा कोणी करत नाही, पण १७ ऑगस्ट २०१५ पासून डेन्मार्क आणि आयर्लंड वगळता युरोपीय संघात, मृत व्यक्ती शेवटी जेथे नेहमी राहत होती त्या देशाचा वारसा कायदा लागू होतो. आपल्या नागरिकत्वाचा कायदा हवा असेल तर मृत्युपत्रात तसे स्पष्ट लिहावे लागते.

किरकोळ वाटणाऱ्या तीन गोष्टी

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा किंवा १९६८ च्या व्हिएन्ना करारान्वये दिला जातो. जपान केवळ १९४९ च्या नमुन्याचा मानतो, तर चीनमध्ये तो चालतच नाही. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरचा परवाना राहायला आल्यापासून सहा महिने आणि ब्रिटनमध्ये बाहेरचा परवाना सामान्यतः बारा महिने चालतो, पुढे स्थानिक परवाना काढावा लागतो. विजेची उपकरणे नेण्याआधी त्यांच्यावरील आकडे वाचावेत: १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले चार्जर कोठेही चालतात, पण २३० व्होल्टची इस्त्री किंवा मिक्सर अमेरिकेतील १२० किंवा जपानमधील १०० व्होल्टवर निरुपयोगी ठरतो. पाळीव प्राण्याची तयारी मात्र माणसांच्या आधी सुरू करावी, कारण रेबीजमुक्त न मानलेल्या देशांतून जपानला कुत्रा किंवा मांजर न्यायचे तर रक्तचाचणीनंतर १८० दिवस थांबावे लागते.

देश सोडताना

परतीचा किंवा तिसऱ्या देशात जाण्याचा दिवस आला की नोंदणी रद्द करणे, करखात्याला कळवणे आणि बँक खाते अनामत परत येईपर्यंत चालू ठेवणे, ही तीन कामे याच क्रमाने करावीत. भरलेल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीवर पाणी सोडू नये. जर्मनीत पाच वर्षांपेक्षा कमी वर्गणी भरलेल्या अनेक बिगर-युरोपीय नागरिकांना वर्गणी थांबून २४ महिने उलटल्यावर स्वतःच्या वाट्याच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. जपानमध्ये किमान सहा महिने वर्गणी भरलेला परदेशी नागरिक एकरकमी रक्कम मागू शकतो, मात्र तेथील पत्ता रद्द झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज पोहोचावा लागतो आणि त्यासाठी निवृत्तिवेतनाचा क्रमांक लागतो. तो पहिल्या पगाराच्या वेळीच लिहून ठेवावा.